छातीइतकी ज्वाला

आमच्या घरातल्या बादल्या जमिनीवर उभ्या राहत नसत. लाल रंगाच्या, बुडाला गोल, वाळू भरून भिंतीवर टांगायच्या अशा त्या बादल्या. बूड मुद्दाम गोल ठेवलेलं असतं, म्हणजे कुणी ती उचलून न्हाणीघरात नेत नाही आणि आगीच्या वेळी ती जागेवर सापडते. अम्मीने हे कारण आयुष्यभर मान्य केलं नाही. पोचा आलेल्या, विकता न येणाऱ्या बादल्या अब्बा दुकानातून वर घरात आणत, आणि अम्मी त्या सायकलच्या जुन्या टायरवर बसवून त्यांत कपडे भिजत घाली. एखादी नवखी पाहुणी विचारायची, "अहो, ही बादली अशी का?" अम्मी म्हणायची, "उभी राहिली तर कुणीतरी वापरेल ना. आमच्या यांच्या धंद्यात कुणी वापरणार नाही तोच माल चांगला."

दुकान खाली आणि घर वर, कसबा पेठेतल्या एका गल्लीत. पलीकडे तांब्याची भांडी घडवणारे कारागीर होते. त्यांचे ठोके सकाळपासून सुरू होत आणि आमच्याकडून त्यांना लाकडी हातोडीचं उत्तर जाई. आग विझवायच्या सिलिंडरमधली पावडर एकाच जागी राहिली की दडपून बसते. मग ऐन वेळी दट्ट्या मारला तरी नळीतून नुसती हवा येते. म्हणून ठेवणीतले सिलिंडर अधूनमधून उलटे करायचे आणि त्यांच्या अंगावर हातोडीने हलके ठोकायचं. हे काम घरातल्या सगळ्यांचं होतं. डाळ शिजायला टाकून अम्मी खाली जाई, दोन-चार सिलिंडर उलटे करी आणि डाळीला उकळी फुटायच्या आत वर येई. पावसाळ्यात मात्र एकही सिलिंडर उघडायचा नाही, कारण पावडरीला हवेतली ओल मिठासारखी लागते. ते महिने अब्बा जुन्या सिलिंडरना रंग देत बसत. घरात रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास खिम्याच्या वासात मिसळलेला असे. मी जिन्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची. आजही कुठे नवा रंग लागलेला असला की मला भूक लागते.

घरात आम्ही दख्खनी उर्दू बोलत असू. माझी शाळा मराठी, पुढे नोकरीही कॉलेजच्या ग्रंथालयात, त्यामुळे लिहायला बसलं की हातातून मराठीच उतरते. इथली बोलणीही मी मराठीतच लिहिते आहे. आपाला हे आवडलं नसतं. ती म्हणाली असती, "अम्मी एवढं शुद्ध कधी बोलली?" आपा म्हणजे माझी थोरली बहीण शहनाज. ती गेली, चाळिसाव्या दिवशी तिचा चाळिसावा झाला, माणसं आपापल्या घरी गेली, आणि मग मी हे लिहायला घेतलं. घाई नाही. दिवसाला एक परिच्छेद झाला तरी पुष्कळ होतं.

आग विझवायचं सामान हा माल मनापासून कुणालाच नको असतो. सोनं, कापड, भांडी घेणारा माणूस दुकानात हसत येतो; आमच्याकडे येणारा कपाळाला आठ्या घालून येई, कारण तपासनीस येऊन गेलेला असे. सिनेमाची थिएटरं, पेट्रोल पंप, भोसरीकडचे कारखाने, दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल हे आमचे लोक. गणपतीच्या मंडळांना सिलिंडर भाड्याने हवे असत आणि विसर्जनानंतर ते गुलालाने माखून परत येत. याशिवाय एक गिऱ्हाईक असं, की ज्याचा शेजारी जळला आहे. शहरात कुठे मोठी आग लागली की पुढचे काही दिवस आमच्या पायऱ्यांवर माणसं दिसत. त्या दिवसांसाठी अम्मीचा एक कायदा होता. ज्या गल्लीत आगीत माणूस गेलं असेल, तिथे चाळिसावा होईपर्यंत विकायला जायचं नाही. हिंदू घर असलं तरी हिशोब तोच. "जले हुए घर के सामने दुकान नक्को लगाओ," हे तिचं वाक्य, आणि यात दख्खनीच हवी, मराठीत ते नीट बसत नाही. दुसरे दुकानदार आग लागली त्याच दिवशी संध्याकाळी तिथे पोचलेले असत. अब्बा चरफडत, पण जात नसत.

विक्री होई ती मात्र प्रात्यक्षिकावर. नुसता सिलिंडर पाहून कुणी घेत नाही. त्यासाठी आमचा एक लोखंडी ट्रे होता, हातभर रुंद. त्यात तळाला पाणी, वर डिझेल, आणि पेट घ्यावा म्हणून थोडं पेट्रोल. कारखान्याच्या आवारात किंवा ऑफिसच्या मागे माणसं अर्धगोल करून उभी राहत. अब्बा वाऱ्याची दिशा बघत आणि उजवा हात वर करत. हात वर असेपर्यंत कुणी हलायचं नाही. ज्वाला आधी गुडघ्यापर्यंत येते, ती पाहून लोक बोलत राहतात. कमरेपर्यंत आली की बोलणं थांबतं. छातीपर्यंत आली की पुढची रांग एक पाऊल मागे सरकते. ते पाऊल मागे गेलं की अब्बा हात खाली आणून म्हणत, "हं, आता." मग दट्ट्या, पांढरा फवारा, आणि चार श्वासांत सगळं काळं, शांत. "लहान आग विझवलेली कुणाला आठवत नाही," असं ते म्हणत. त्यांचं खरंही होतं. ते मागे गेलेलं पाऊल हीच आमची विक्री.

अब्बांचा डावा खांदा धरला तेव्हा विझवण्याचं काम आपाकडे आलं. ती तेव्हा बी.कॉम. करत होती. आधी हा नाइलाज होता, पण अब्बांच्या लवकरच लक्षात आलं की एका मुलीने आग विझवली की कारखान्याच्या वॉचमनला ‘हे मला जमणार नाही’ असं म्हणता येत नाही. पेटवायला मी होते. लांब सळईला चिंधी गुंडाळलेली, ती ट्रेला लावायची आणि बाजूला व्हायचं. मी पेटवायची, अब्बा थांबवायचे, आपा विझवायची. अम्मीची अट एकच होती, सुती कपडे आणि सुती ओढणी, तीही कंबरेला आवळून बांधलेली. नायलॉनचा एक धागा अंगावर दिसला तर ती आपाला दारातून परत आत बोलवी.

सदाशिव पेठेतल्या एका संस्थेच्या कार्यालयात आम्ही गेलो होतो ते मला स्पष्ट आठवतं. तिथल्या चिटणिसांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. "आमच्याकडे आग लागत नाही," ते म्हणाले, "भांडणं लागतात. त्यावर काही असेल तर दाखवा." अब्बा अशा वेळी नुसते हसत. आपा म्हणाली, "साहेब, यातली पावडर भांडणाऱ्यांवर मारली तर दोघंही खोकतात. बोलणं आपोआप बंद होतं." चिटणिसांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग शिपायाला हाक मारली आणि आम्हाला मागच्या अंगणात घेऊन जायला सांगितलं. ऑर्डर मिळाली.

आपाचं स्थळ मामूंनी आणलं. मामू म्हणजे अम्मीचे भाऊ. मुलगा येरवड्याचा, नाव इम्तियाज, एका ऑफिसात कारकून, कमी बोलणारा. त्याची आई सलमाबी शाळेत शिक्षिका होत्या आणि वडील नव्हते. बघण्याच्या कार्यक्रमात आपाने त्याला विचारलं होतं, "माझं काम तुम्हाला माहीत आहे ना?" तो म्हणाला होता, "हो. आमच्या ऑफिसात तुम्ही येऊन गेलात. मी पहिल्या रांगेत होतो." घरी परतल्यावर आपाने मला सांगितलं, की पाऊल मागे न घेतलेला एक माणूस त्या ऑफिसात तिने पाहिला होता आणि तो हाच असावा अशी तिला शंका आहे. त्या महिन्यात सिलिंडर ठोकताना ती गुणगुणत असे.

मंगनी, म्हणजे साखरपुडा, भवानी पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये ठरली. अब्बांनी नेहमीप्रमाणे दोन सिलिंडर आधीच नेऊन ठेवले होते. आमचं कुटुंब कुठल्याही समारंभाला आहेरासोबत सिलिंडर आणतं, अशी नातेवाइकांत थट्टा होती. हॉलच्या मागे अंगण होतं आणि तिथे बावर्चीच्या चुली. आपाने त्या दिवशी नायलॉनची, जरीची, गुलाबी ओढणी घेतली होती, सलमाबींनी पाठवलेली. अंगठी घालून झाली, मिठाई फिरली आणि जेवणं सुरू व्हायच्या बेताला अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. बघारासाठी, म्हणजे फोडणीसाठी, तापवलेल्या मोठ्या कढईतल्या तेलाने पेट घेतला होता.

आम्ही धावलो. एक जण पाण्याची बादली घेऊन निघाला होता. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं तर ते भडकून अंगावर येतं. अब्बा ओरडले, "पाणी नको!" आणि त्याला अडवायला त्यांनी उजवा हात वर केला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. तो माणूस थांबला. अब्बांचा हात मात्र वरच राहिला. त्यांनी एकदा वाऱ्याकडे बघितलं. पाहुण्यांतल्या निम्म्या लोकांनी अब्बांची प्रात्यक्षिकं पाहिलेली होती; तो वर गेलेला हात पाहून त्यांनी पळायचं सोडून अर्धगोल केला. कुणीतरी पोरांना खाली बसवलं, "बसा, मागच्यांना दिसू दे." ज्वाला कमरेपर्यंत आली. वर मांडवाची कापडी झालर होती. मी अब्बांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो नेहमीचाच, कामाच्या वेळचा, शांत चेहरा होता. ते वाट बघत होते.

आपाने ओढणी डोक्यावरून काढली, घडी घालून माझ्या हातात दिली, दाराजवळचा सिलिंडर उचलला, वाऱ्याला पाठ केली आणि दट्ट्या मारला. आगीच्या मुळाशी, कडेकडेने. आग विझली. पावडर पुलावाच्या देगांवर, बावर्चीच्या दाढीवर, पुढच्या रांगेतल्या शेरवान्यांवर सारखी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून अब्बांनी हात खाली घेतला. आपल्या हाताकडे ते असे बघत राहिले, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. बावर्ची म्हणाला, "सोडाच आहे, नुकसान नाही." पण जेवलं कुणी नाही.

त्याच आठवड्यात हॉलच्या मॅनेजरने आमच्याकडे सिलिंडर मागवले. ही बातमी येरवड्याला पोचायला वेळ लागला नाही. रविवारी सलमाबी घरी आल्या, सोबत मामू. इम्तियाज आला नव्हता. अम्मीने खुर्ची पुसून दिली. सलमाबींनी फार न घोळवता विचारलं, "भाईसाहब, खरं सांगा. ती आग तुम्ही लावली होती?"

"नाही," अब्बा म्हणाले.

"सिलिंडर आधीच आणून ठेवलेले. तुम्ही हात वर केलात. लोक तमाशाला बसतात तसे बसले. मुलीने भर समारंभात ओढणी काढून विझवून दाखवलं. टाळ्या झाल्या, आणि आता ऑर्डर आली. मी काय समजू?"

अब्बा म्हणाले, "पाणी अडवायला हात वर केला होता. नंतर मला वाटलं, अजून व्हायची आहे."

"काय व्हायची आहे?"

"ज्वाला. छातीपर्यंत."

सलमाबींनी चहाचा कप खाली ठेवला. "वर्गातली मुलं याहून बरी कारणं सांगतात," त्या म्हणाल्या. पण आवाज चढलेला नव्हता. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या पुढे म्हणाल्या, "हे बघा, माणसाकडून होतं. धंदा आहे, मोह झाला असेल. चार नातेवाइकांसमोर तुम्ही एवढंच म्हणा, की आग आम्हीच लावली, चूक झाली, माफ करा. विषय संपला. तारीख ठरवू. मला मुलगी पसंत आहे. पण खोटं बोलणाऱ्या घराशी सोयरीक करायला माझं मन घेत नाही."

मामू अब्बांकडे झुकले. "म्हणून टाका ना, भाईजान. एक वाक्य तर आहे."

या प्रसंगाचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. अब्बांना खरी गोष्ट सांगण्यातच लाज होती. आग विझवायचं सामान विकणारा माणूस खऱ्या आगीपुढे हात वर करून उभा राहिला, हे बाजारात पसरलं असतं तर त्यांच्याकडून कोण घेणार होतं? तरीही त्यांनी ते सांगून टाकलं होतं, आणि त्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता. आता त्यांच्याकडे मागितलं जात होतं ते खोटं तुलनेने सोपं होतं. लबाड व्यापारी लोकांना समजतो. त्या एका वाक्याने आपाचं लग्न होत होतं. अब्बांचा हात गुडघ्यावरून थोडा उचलला गेला आणि त्यांनी तोंड उघडलं. ते कबूल करणार होते, याविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

"अब्बांनी आग लावली नाही," आपा दारातून म्हणाली. तिच्या हातात बिस्किटांची बशी होती.

"बेटी, तू आत जा," मामू म्हणाले.

"लावणार असते तर त्यांनी मला सुती कपडे घालायला लावले असते," आपा सलमाबींना म्हणाली. "नायलॉनच्या ओढणीत ते मला आगीपाशी उभं करणार नाहीत."

"हे मात्र खरं," अम्मी म्हणाली.

सलमाबी आपाकडे बघत राहिल्या. "मुलगी बोलते," त्या अम्मीला म्हणाल्या.

"हो," अम्मी म्हणाली. "विझवतेही."

त्या उठल्या. पुढच्या आठवड्यात मामू येऊन अंगठी परत करायला घेऊन गेले. गुलाबी ओढणी मी आधीच इस्त्री करून ठेवली होती. तिच्या काठात पावडर राहिली होती, ती निघाली नाही.

नंतर कधीतरी इम्तियाज दुकानात आला. त्याने घरासाठी एक लहान सिलिंडर घेतला. आपाने तो कसा वापरायचा ते त्याला इतर कुणालाही सांगावं तसं सांगितलं, मुळाशी धरा, डोक्यावर नाही, वाऱ्याला पाठ करा. तो म्हणाला, "मी पाहिलं आहे." आणि गेला. मी जिन्यात होते. माझ्या हातात पुस्तक होतं. त्या दिवशी मी पान उलटलं नाही.

अब्बांनी पुन्हा कधी हात वर केला नाही. ट्रे, सळई आणि पुढे दुकानही हळूहळू आपाकडे गेलं. ज्वाला गुडघ्याशी आली की ती विझवून टाकायची. गिऱ्हाइकं कुरकुरत, "अहो, एवढीच?" काही ऑर्डरी त्यामुळे गेल्या. अब्बा खुर्चीत बसून बघत. आपाला नंतरही स्थळं आली. काही तिने नाकारली, काहींनी तिला नाकारलं. दुकान तिने शेवटपर्यंत चालवलं.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला विचारलं, "इम्तियाजचं वाईट वाटलं होतं का ग?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ती म्हणाली, "चांगला होता. सगळे तमाशा बघत असताना त्याने आधी आईला बाहेर नेलं. तेच बरोबर होतं." मग म्हणाली, "अब्बांनी ते वाक्य म्हटलं असतं तर माझं लग्न झालं असतं. आणि दर ईदला ते सासरी येऊन कोपऱ्यात बसले असते. मला ते बघवलं नसतं." मी तिच्या पायांवर पांघरूण घातलं. हॉस्पिटलच्या त्या खोलीबाहेर भिंतीवर सिलिंडर होता. ती तिथे आली त्या दिवशीच त्याची तारीख बघून तिने नर्सला बोल लावले होते.

मी आता खराडीला राहते, बाराव्या मजल्यावर. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एका कंपनीने प्रात्यक्षिक ठेवलं होतं. खाली पार्किंगमध्ये एक टाय लावलेला मुलगा, नवा कोरा ट्रे आणि मोबाइल धरून उभी असलेली माणसं. अर्धगोल तोच. मुलाने विचारलं, कुणी करून बघणार का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी पुढे गेले. आयुष्यभर मी फक्त पेटवलं होतं. सिलिंडर ठोकले, उलटे केले, पुसले, पण एकही आग विझवलेली नव्हती. सिलिंडर वाटला होता त्याहून जड होता. मुलाने ट्रे पेटवला आणि हात वर केला. "थांबा हं आजी, थोडी वाढू द्या, म्हणजे सगळ्यांना दिसेल."

मी वाऱ्याला पाठ केली आणि दाबलं. ज्वाला अजून गुडघ्यापर्यंतही आली नव्हती.

पावडर खाली बसल्यावर आमचे चेअरमन मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, "अहो, घाई कसली होती? माझा व्हिडिओ सुरूच झाला नव्हता."